पोस्टर स्पर्धा नको, मुलींना भिंत द्या

महिला दिन जवळ आला की शाळांच्या फळ्यावर पोस्टर स्पर्धेची सूचना लागते. विषय ठरलेले असतात. 'रूपापेक्षा गुण श्रेष्ठ', 'मी जशी आहे तशी सुंदर', 'स्वतःवर प्रेम करा'. मुली कार्डशीटवर आरसा काढतात, आरशात एक हसरी मुलगी आणि वर घोषवाक्य. तीन क्रमांक निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, कागद कपाटावर जाऊन पडतात. मी सांगली जिल्ह्यात चित्रकला शिकवते आणि अशा स्पर्धांचं परीक्षणही करते. माझं मत आता पक्कं झालं आहे. वयात येणाऱ्या मुलींनी आपल्या शरीराकडे निकोप नजरेने बघावं असं आपल्याला खरोखर वाटत असेल, तर या स्पर्धा थांबवाव्यात. तोच वेळ, तेच पैसे आणि शाळेची एक मोठी भिंत मुलींच्या ताब्यात द्यावी. तिथे काय मांडायचं ते त्यांनी ठरवावं, आणि ते बघायला पालकांनी, शिक्षकांनी, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी यावं.

स्पर्धा ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दोष मुलीच्या मनात आहे, तिला न्यूनगंड आहे आणि तो तिनेच घालवायचा आहे, हे त्यात आधीच धरलेलं असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आपलं नाक बसकं आहे, मांड्या जाड आहेत, रंग दबलेला आहे हे काही आपोआप सुचत नाही. ते तिला सांगितलं जातं, आणि सांगणारी माणसं घरचीच असतात. सुट्टीत आजोळी गेलं की मामी म्हणते, 'लई रापलीस गं.' हळदी-कुंकवाला शेजारच्या काकू आईला विचारतात, 'हिचं वजन जरा वाढलंय का हो?' गॅदरिंगच्या स्वागतगीतासाठी मुली निवडायच्या असल्या की पुढच्या रांगेत कोण उभं राहणार आणि पाहुण्यांना ओवाळायचं ताट कुणाच्या हातात जाणार, हे निवडीच्या आधीच सगळ्या वर्गाला माहीत असतं. जिला ते ताट कधीच मिळालं नाही तिला मार्च महिन्यात 'मी जशी आहे तशी सुंदर' हे रंगवायला सांगणं मला क्रूर वाटतं.

कृष्णाकाठच्या एका गावातल्या नववीच्या मुलींनी केलेलं काम मी जवळून पाहिलं. घोषवाक्यं लिहायची नाहीत एवढंच त्यांनी सुरुवातीला ठरवलं होतं. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद जोडून जोडून व्हरांड्यात अंथरला. एकीने त्यावर उताणं झोपायचं, दोघींनी मार्करने तिच्याभोवतीची रेघ मारायची. उठून बघितलं की प्रत्येकीचा पहिला उद्गार साधारण एकच, 'एवढी मी?' कुणाला आपण फार मोठ्या वाटल्या, कुणाला फार लहान. डोक्यात धरलेल्या आकाराशी कागदावरचा आकार जुळला असं क्वचितच झालं.

मग रेघेच्या बाहेर लाल शाईने त्या-त्या अवयवाबद्दल ऐकलेलं वाक्य लिहायचं आणि ते कोण म्हणालं तेही. नाव नाही, नातं. 'आत्या'. 'एसटीतला माणूस'. 'पीटीचे सर'. 'मैत्रीण'. 'मी स्वतः'. रेघेच्या आत निळ्या शाईने त्या अवयवाने आज सकाळपासून काय काम केलं ते. पायांवर आलं, 'स्टॉपपर्यंत सायकल'. तळहातावर 'म्हशीची धार काढली', 'भाकरी थापली', 'भूमितीची आकृती काढली'. खांद्यावर 'धाकट्याला उचललं'. एका मुलीने पोटावर फक्त 'उपास' लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'भूक लागली होती'. तो उपास कुठल्या देवाचा नव्हता. ती दुपारचा डबा आठवड्यातून दोनदा कुत्र्याला घालत होती, हे तिच्या वर्गातल्या मुलींनाही तोवर ठाऊक नव्हतं.

सगळ्या आकृत्या भिंतीवर लागल्या तेव्हा लाल शाईतलं कोणतं नातं सर्वांत जास्त वेळा आलंय ते मुलींनी मोजलं. आई. काही आया ते वाचून गप्प झाल्या, एक-दोघी रागावल्या. मला आयांना दोष द्यायचा नाही. आईच्या बोलण्यात दुष्टावा नसतो, धास्ती असते. मुलगी दाखवायची वेळ येईल तेव्हा समोरचे लोक काय विचारणार हे तिने स्वतः सोसलेलं असतं. लग्नाच्या बायोडाटात जन्मवेळ आणि उंचीच्या शेजारी अजून 'वर्ण' छापलेला असतो, आणि त्यापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरंड असते. रंग उतरला की मानपानाचा आकडा चढतो हे गावात प्रत्येकाला कळतं. या हिशेबाला घाबरून आई दहाव्या वर्षापासून बेसन-हळद लावायला लागते. म्हणूनच केवळ मुलीला 'आत्मविश्वास बाळग' म्हणून भागणार नाही. हिशेब मांडणाऱ्यांशी बोलावं लागेल.

आता माझ्या विषयातलं थोडं सांगते. चित्रकलेत आम्ही मानवाकृती शिकवतो तेव्हा उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतो. फॅशनच्या रेखाटनांत तेच माप नऊ डोक्यांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे नेतात. वाढवलेली बहुतेक लांबी पायांत जाते. मुलींनी आपापल्या आकृतीवर डोक्याचं माप घेऊन पट मोजले. बहुतेक साडेसहा ते सातच्या दरम्यान. मग त्यांनी बाजारपेठेतल्या एका कापडदुकानदाराला विचारून दारातल्या पुतळ्याचं माप घेतलं आणि त्याचीही आकृती खाकी कागदावर काढून आपल्या रांगेत लावली. त्या पुतळ्याची कंबर आणि लांबच लांब पाय इतर मुलींच्या शेजारी बघितल्यावर कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. मुलींना आपलं शरीर चुकीचं वाटत होतं. प्रत्यक्षात ज्याच्याशी त्या ते ताडून बघत होत्या तो आकार कुठल्या आईच्या पोटी जन्मलेला नव्हता.

रंगांचंही तसंच. खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो, पहिलीपासून मुलं चेहरा रंगवायला तोच उचलतात. या मुलींनी पोस्टर कलर घेतले. पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा आणि नखाएवढा निळा. मनगट कागदाशेजारी धरायचं आणि जुळेपर्यंत मिसळत राहायचं. 'मॅडम, माझ्या हातात हिरवा पण आहे,' एक मुलगी म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं, सावळ्या कातडीच्या सावलीत हिरवट छटा असते. एकाच मुलीच्या तळहाताचा, मनगटाचा आणि बाहीखालच्या दंडाचा रंग वेगळा निघाला. अर्धा तास स्वतःच्या मनगटाकडे चित्रकाराच्या नजरेने बघितल्यावर 'काळी' या एका शब्दात ते मनगट मावत नाही.

हे सगळं तपशिलात सांगायचं कारण असं, की पोस्टरमध्ये मुलगी मोठ्यांना आवडेल ते लिहिते, आणि इथे मुली तपास करत होत्या. या फरकाला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉडी प्रोजेक्ट' नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात मुलींना व्याख्यान देत नाहीत. बारीक असण्याच्या आदर्शाविरुद्ध मुलींनी स्वतः बोलायचं, लिहायचं, प्रसंग वठवून दाखवायचे. माणूस चारचौघांत जे ठामपणे मांडतो त्याच्याशी त्याचं मन हळूहळू जुळवून घेऊ लागतं, या साध्या तत्त्वावर ती उभी आहे. नुसती माहिती देण्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक ठरल्याचं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा बोलणारी मुलगी आणि ऐकणारे मोठे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तो बरोबर उलटा असतो.

'ही शहरातली थेरं, आमच्या पोरींना कुठलं आलंय असलं,' असं मला एका पालकसभेत ऐकवलं गेलं. त्यांच्यासाठी फिजीचं उदाहरण. फिजी बेटांवर भरलेल्या अंगाच्या बाईला मान होता, 'बारीक झालीस' हे काळजीने म्हणायचे. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आल्यानंतर काही आठवड्यांतच शाळकरी मुलींची पाहणी केली होती. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी त्यात नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा ११ टक्क्यांहून जास्त मुलींनी तसं केल्याचं सांगितलं. तीन वर्षं आणि एक टीव्ही. आपल्या गावात तर प्रत्येक घरात फोन आहे, त्याचा कॅमेरा न विचारता चेहरा गुळगुळीत करतो, पासपोर्ट फोटो काढायला गेलं तर स्टुडिओवाला एक बटण दाबून गोरं करून देतो आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गावातली सगळी पोरं एकाच रंगाची दिसतात. 'आम्ही प्रत्येक तीनपैकी एका किशोरवयीन मुलीच्या बाबतीत शरीराबद्दलची नाराजी वाढवतो,' अशा अर्थाचं वाक्य इन्स्टाग्रामबद्दलच्या फेसबुकच्या अंतर्गत सादरीकरणात होतं, आणि ते २०२१ मध्ये जगासमोर आलं. कंपनीला माहीत होतं. आपल्याला अजून थेरं वाटतात.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगता येते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून आपण नाटकाचं गाव म्हणून मिरवतो. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचं नाव घेतलं की बालगंधर्व आठवतात. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, गजरा माळण्याची नक्कल त्या काळात घराघरांतल्या बायका करत. मराठी बाईने कसं दिसावं याचा एक मोठा आदर्श रंगभूमीवर एका पुरुष नटाने घडवला. त्यांची कला थोरच आहे, तिचा मान कमी करायचा नाही. पण सौंदर्याचा साचा हा माणसांनी, रंगभूषेने, दिव्यांनी घडवलेला असतो, तो निसर्गाने ठरवलेला नसतो, याचा इतका ठळक पुरावा आपल्याच मातीत आहे. जे रंगमंचावर घडलं ते रंगमंचावर तपासताही येतं. याच मुलींनी पुढे पाहण्याच्या कार्यक्रमावर दहा मिनिटांची नाटुकली बसवली, त्यात मुलगा मधोमध पाटावर बसला आणि मुलीकडचे लोक त्याला चालून दाखवायला, हसून दात दाखवायला सांगू लागले. प्रेक्षकांतले पुरुष आधी हसले, नंतर हसू ओसरलं. असलं काम व्याख्यानातून होत नाही.

रंगाच्या प्रश्नात उन्हाचाही भाग आहे आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. तासगाव-पलूस भागात द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत सुट्टीच्या वारी आईबरोबर बागेत रोजगाराला जाणाऱ्या मुली माझ्या वर्गात असतात. सोमवारी त्या रापून येतात. ज्यांच्या घरी स्कूटी आहे त्या सनकोट, हातमोजे आणि डोक्याला स्कार्फ बांधून येतात. रापलेल्या कातडीवरून कुणाला उन्हात राबावं लागतं ते कळतं, आणि राबणाऱ्याला आपला समाज खालचा समजतो. जातीचा अर्थही त्यातच मिसळलेला असतो. म्हणजे 'काळी पडलीस' हे वाक्य दिसण्याबद्दल असतं तेवढंच कामाबद्दलही असतं. ज्या मजुरीवर घराचा किराणा भरतो तिचीच खूण लपवायला मुलीला क्रीम लागतं, हे दुःख 'स्वतःवर प्रेम करा' या तीन शब्दांनी मिटणार नाही.

क्रीमचा विषय निघालाच आहे म्हणून. 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये बदललं, दुकानातली फळी तीच राहिली. त्याहून मोठा धोका बिननावाच्या डब्यांचा आणि स्टेरॉइडच्या ट्यूबांचा आहे. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम असूनही मुली त्या 'गोरं व्हायला' महिनोन्महिने लावतात; कातडी पातळ होते, लाल पडते, लव येते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा आगीसारखा होतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला सगळ्यांनी वाचली होती. मुलींच्या भिंतीवर घरातल्या क्रीमच्या रिकाम्या ट्यूबा चिकटवलेल्या मी पाहिल्या, शेजारी त्यांवरचे घटक भिंग घेऊन वाचून लिहिलेले. विज्ञानाच्या प्रयोगवहीत असतं तसं. हा प्रकल्प चित्रकलेचा होता की विज्ञानाचा, ते मला सांगता येणार नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो डॉक्टर मंडळी घेतात. 'असेल तसं शरीर चांगलं' म्हणत राहिलो तर लठ्ठपणाकडे दुर्लक्ष होईल, असं त्यांना वाटतं. मी त्यांचं म्हणणं उडवून लावत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या साधारण पाचपैकी एका बाईचं वजन कमी आहे आणि जवळपास चारपैकी एकीचं जास्त. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ५९ टक्के आहे. या आकड्यांसमोर टोमण्यांनी आजवर काय साधलं ते बघावं. जिला 'जाडी' म्हणतात ती डबा टाकून देते, मग पुस्तकातली अक्षरं डोळ्यांपुढे फिरतात, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही उपाशी पोटी मळमळते म्हणून ती खिडकीतून फेकते. ओठावर लव दाट होणं, पाळी चुकणं, वजन एकदम वाढणं यामागे पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, असू शकतो. तिला डॉक्टरकडे न्यायचं तिथे आपण पार्लरचा पत्ता देतो. लाजेने मुली आजार लपवतात. शरीराबद्दल मोकळेपणी बोलणारी मुलगीच 'मला तीन महिने पाळी आली नाही' हे वेळेवर सांगेल. आरोग्याची काळजी असणाऱ्यांनी या कामाला सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा.

खेळाडूंचं उदाहरण देण्याचा मोह आपल्या भागात फार होतो, आणि तो रास्तही आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. सांगलीची स्मृती मानधना २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची उपकर्णधार होती. यांचे फोटो वर्गात जरूर लावावेत. पण पदक मिळालं की मगच शरीराला मान, हा पुन्हा एक नवा साचा होईल. मला त्याहून जवळच्या वाटतात त्या पोलिस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर आठशे मीटरचा सराव करणाऱ्या, चार किलोचा गोळा फेकून खांदा चोळत उभ्या असणाऱ्या मुली. त्यांतल्या बऱ्याच जणींची भरती होणार नाही. तरी त्या महिन्यांत दंड जाड झाला म्हणून त्या रडत नाहीत, गोळा किती पुढे गेला ते बघतात. मुलींना मैदान मिळालं पाहिजे ते एवढ्यासाठी. शाळा सुटल्यावरचं मैदान आजही मुलांचंच असतं, मुली कडेच्या कट्ट्यावर.

मुलग्यांनाही हे लागू आहे. प्रोटीनच्या डब्यांवर पैसे उडवणारी, छाती भरत नाही म्हणून खचणारी पोरं मी पाहते. त्यांनाही आपली भिंत मिळावी, पण मुलींची भिंत अर्धी करून नव्हे.

हे एकदाचं प्रदर्शन होऊन विरून जाऊ नये, यासाठी यंत्रणा शोधत बसायला नको. राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं आहे. बऱ्याच ठिकाणी त्या कागदावर आहेत. समितीने वर्षातून एकदा मुलींची भिंत बघायची, तिच्यावरच्या मागण्यांना लेखी उत्तर द्यायचं, एवढं काम जरी घेतलं तरी समितीत जीव येईल. मी पाहिलेल्या मुलींच्या मागण्या अगदी साध्या होत्या. आरोग्य तपासणीत वजन मोठ्याने वाचू नये, पडद्याआड घ्यावं आणि चिठ्ठीवर द्यावं. गॅदरिंगला पुढची रांग आणि ओवाळणीचं ताट चिठ्ठ्या टाकून ठरवावं. मैदान आठवड्यातून तीन दिवस मुलींना. आणि शिक्षकांनी टोपणनावं ठेवू नयेत.

मुख्याध्यापकांनी वजनाचं आणि चिठ्ठ्यांचं लगेच मान्य केलं. मैदानाचं वेळापत्रकात बसवून बघतो म्हणाले. टोपणनावांबद्दल शिक्षकांच्या बैठकीत बराच वाद झाला, गंमत केलेलीही चालत नाही का, असं काहींचं म्हणणं पडलं. नाही चालत. ज्याला उलट बोलता येत नाही त्याची केलेली गंमत ही गंमत राहत नाही.

पाचवी मागणी शाळेच्या हातातली नाही. वधू-वर मेळाव्याच्या नोंदणी अर्जावरची वर्णाची ओळ काढून टाकावी, असं पत्र मुलींनी मेळावा भरवणाऱ्या मंडळाला लिहिलं आहे. 'शादी डॉट कॉम'सारख्या मोठ्या संकेतस्थळाने २०२० मध्ये लोकांच्या विरोधानंतर त्वचेच्या रंगानुसार स्थळ शोधायची सोय काढून टाकली, मग तालुक्याच्या मंडळाला एक ओळ खोडणं जड जाऊ नये. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांत या मुलींचेच काका-मामा आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत पत्र वाचून ठराव करावा, आणि ज्या पालकांनी ती भिंत पाहिली आहे त्यांनी त्याआधी मुलींच्या सह्यांखाली आपल्या सह्या कराव्यात.